डाव्या मनगटावरचा आकडा

शरयू निंभोरकरला आकाशाची भीती कधीच वाटली नाही. विजांच्या शेजारून तिनं विमानं आणली होती आणि खाली उतरल्यावर कँटीनमध्ये बसून निवांत मिसळ हाणली होती. तिला भीती वाटायची ती स्वतःच्या डाव्या मनगटाची. तिथं बोटभर रुंदीची एक राखाडी पट्टी होती, पट्टीवर एक आकडा होता, आणि तो साठच्या वर गेला की कॅप्टन शरयू निंभोरकर त्या दिवसापुरती कॅप्टन राहत नसे. वरचेवर जायला लागला तर कायमचीच घरी.

त्यात मेख अशी, की भीती वाटली की आकडा चढायचा, आणि आकडा चढला की आणखी भीती वाटायची. म्हणून भ्यायचंच नाही असं तिनं ठरवून टाकलं होतं. आता ठरवून कुणाची भीती जाते का? पण ही बाई हट्टी. तिनं ते बऱ्यापैकी जमवलं, आणि त्यापायी घरच्यांनी काय काय सोसलं ते पुढे येईलच.

आधी दुखणं काय ते सांगायला हवं. हृदयातून रक्त बाहेर पडतं त्या दारात एक झडप असते. बहुतेकांच्या झडपेला तीन पाकळ्या असतात, शरयूच्या झडपेला जन्मापासून दोनच होत्या. दोन पाकळ्यांवरही माणूस मजेत जगतो, धावतो, बाळंतपणं काढतो. पण अशांपैकी बऱ्याच जणांची झडपेपुढची मोठी रक्तवाहिनी, म्हणजे महाधमनी, हळूहळू रुंदावत जाते. तिची भिंत थरांची असते. एखाद्या दिवशी आतला थर उसवला, की रक्त दोन थरांच्या मधे घुसतं आणि भिंत चिरत पुढे जातं. शरयूचे वडील अकोल्याला ऐन पन्नाशीत गेले ते असेच. छातीत कळ आली आणि गेले, एवढंच तेव्हा घरात माहीत होतं.

पूर्वी वैमानिकाची महाधमनी अशी रुंदावली की त्याला मुकाट्यानं खाली बसवत. मग जाळी निघाली. छातीला लहानसं छिद्र पाडून अगदी मऊ धाग्यांची जाळी महाधमनीच्या सुरुवातीच्या भागावर मोज्यासारखी चढवायची. ती भिंतीला आधार द्यायची, पण तिचं खरं काम ऐकण्याचं. भिंतीतले तंतू तुटायला लागले की बारीकसा आवाज होतो, तो जाळीतले धागे टिपत. रक्तदाब मोजायला मनगटावर पट्टी. दोन्हींचा गुणाकार होऊन दर ठोक्याला पट्टीवर एक आकडा उमटे, त्याला म्हणायचे ताणांक. भिंत फाटण्याच्या कितीतरी आधी ताणांक चढायला लागतो, असं चाचण्यांत पुन्हा पुन्हा दिसलं होतं. साठच्या आत हिरवा, त्यावर पिवळा, ऐंशीच्या पुढे लाल. जाळीवाल्यांना उडायची परवानगी मिळाली त्या दिवशी ज्यांचे परवाने गेले होते अशा वैमानिकांनी पेढे वाटले, आणि शरयूनंही वाटले.

पट्टीला सील होतं. कुण्या महाभागानं तपासणीच्या दिवशी आपली पट्टी काढून झोपलेल्या मेहुण्याच्या हाताला बांधली होती, त्याची ही कृपा. सील तुटलं की त्याच क्षणी कंपनीच्या वैद्यकीय कक्षात घंटा वाजे आणि परवाना रद्द होई. का तोडलं, कशासाठी तोडलं, कोणी विचारत नसे. तो परवाना पुन्हा मिळत नसे.

पट्टी आली आणि पुण्यात धानोरीच्या तिच्या फ्लॅटमधलं भांडण संपलं. शरयूचा नवरा प्रसन्न पॉलिटेक्निकमध्ये शिकवायचा. माणूस मोठ्या आवाजाचा, ओल्या टॉवेलवरून सकाळी सकाळी घर डोक्यावर घेणारा. तो आता देवळात बोलावं तसा हळू बोलू लागला. सतरा वर्षांची सानिका पूर्वी दारं आपटायची, आता दार लावताना कडीला हात धरायची. ती स्कूटीवरून पडली आणि कोपराला टाके पडले, ते शरयूला कळलं टाके निघाल्यावर. रसायनशास्त्रात दांडी उडाली तेही असंच, शिळं झाल्यावर. दोघंही तिच्याशी बोलायला आले की आधी तिच्या मनगटाकडे बघत, मग तोंडाकडे. हिरवं असेल तर बोलत, नाहीतर काहीतरी निमित्त काढून परत फिरत.

सुरुवातीला शरयूला हे बरं वाटलं. मग तिला त्या शांततेचीच धास्ती वाटायला लागली. घरात आपल्यापासून काय काय लपवलं जातंय याचा विचार मनात आला की ती तो उडवून लावायची, कारण विचारानंही आकडा हलायचा.

आणि एक गोष्ट तर लपवलीच गेली होती. दोन पाकळ्यांची भानगड घराण्यात चालते, म्हणून डॉक्टरांनी सानिकाच्या हृदयाची सोनोग्राफी करून घ्या असं बजावलं होतं. शरयूची ड्यूटी होती, प्रसन्न घेऊन गेला. संध्याकाळी दोघं परतले तेव्हा शरयू मेथी निवडत बसली होती. काय म्हणाले डॉक्टर, तिनं विचारलं. सगळं नीट आहे, प्रसन्न म्हणाला, पण तो हे तिच्या मनगटाला म्हणाला. सानिका चपला न काढता तशीच आत गेली.

 आकडा अठ्ठावन्न झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे तिची सहामाही तपासणी होती. तिनं मान खाली घातली, समुपदेशकानं शिकवल्याप्रमाणे सावकाश श्वास घेतला, मेथीची पानं एकेक करून खुडली, आणि आकडा खाली आला. दुसरा प्रश्न तिनं विचारला नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. पोटच्या पोरीचं आहे, आणि मी विचारत नाहीये, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ही गोष्ट मनात आली की ती लगेच दुसरीकडे मन वळवायची, आणि त्यात ती चांगलीच तरबेज झाली.

तर अशी ही शरयू एका दुपारी पुण्याहून कोलकात्याला निघाली. शेजारी फर्स्ट ऑफिसर निशांत ढवळीकर, तिशीचा, कमी बोलणारा, हाताला स्थिर. विमान भरलेलं. आकडा सत्तेचाळीस, हिरवा. विमान वर जाऊन सरळ झालं, ऑटोपायलट लागला, मागून चहा आला.

चहाचा कप खाली ठेवताना तिच्या दोन्ही खांद्यांच्या मधे, पाठीत, काहीतरी टर्रकन फाटलं. जुनं लुगडं फाडावं तसं. डोळ्यांपुढे अंधारी आली. दुसरं कुणी असतं तर छाती धरून ओरडलं असतं. शरयूनं पहिली कुठली गोष्ट केली असेल, तर मनगट वळवून आकडा पाहिला. सेहेचाळीस. हिरवा.

यात तिचा एकटीचा दोष नव्हता. वैमानिक घडवतानाच त्याला हे शिकवतात. डोळे बांधून गरगर फिरणाऱ्या खुर्चीत बसवतात. खुर्ची थांबते तरी अंग म्हणतं, आपण फिरतोय, आणि तेही उलटीकडे. मग शिक्षक डोळ्यांवरची पट्टी सोडतात आणि म्हणतात, पाहिलंत, शरीर खोटं बोलतं. ढगात शिरल्यावर ज्यांनी शरीराचं ऐकलं ते डोंगरात सापडले. तेव्हापासून वैमानिकाच्या हाडीमासी हेच भिनतं, की आपल्याला काय वाटतंय ते सोडा, तबकडी काय म्हणते ते बघा. शरयूनं बावीस वर्षं तबकडीचं ऐकलं होतं आणि तबकडीनं तिला कधी दगा दिला नव्हता.

म्हणून तिनं स्वतःला समजावलं, काही नाही, पित्त असेल. कळ थोडी ओसरली. घामानं कपाळ थबथबलं होतं. निशांतनं विचारलं तेव्हा तिनं सकाळच्या वडापाववर ढकलून वेळ मारून नेली. आकडा चव्वेचाळीस झाला, मग एकेचाळीस. आकडा उतरतोय हे पाहून तिला हायसं वाटलं. डावा हात तेवढा गार पडला होता, बोटांना मुंग्या येत होत्या. तिनं तो मांडीवर चोळला. निशांतनं एसी कमी केला.

मग आकडा अडतीस झाला.

शरयूनं तो पुन्हा पाहिला. वर्षभर ती या आकड्याबरोबर उठत होती, झोपत होती. गाढ झोपेतसुद्धा तो कधी पंचेचाळीसच्या खाली गेला नव्हता. आणि इथं तिच्या पाठीत कळ होती, तोंडाला कोरड पडली होती, आणि खरं सांगायचं तर ती भ्यायली होती. काळीज कानात वाजत होतं. मग आकडा का चढत नाहीये?

विमानाच्या नाकाजवळ एक बारीक नळी असते. समोरची हवा तिच्यात शिरते, हवेच्या दाबावरून वेग कळतो. नळीचं तोंड बर्फानं बुजलं तर वेगाची तबकडी बंद पडत नाही, हीच मोठी पंचाईत असते. ती आकडा दाखवतच राहते, तोही चांगला, शांत, हवाहवासा आकडा, आणि त्या आकड्यावर विसंबून माणसं मेलेली आहेत. म्हणून विमानात अशा नळ्या एकापेक्षा जास्त असतात. दोन आकडे जुळले नाहीत तर तिसरा बघायचा, हेही वैमानिकाला शिकवलेलं असतं. पण शरयूकडे नळी एकच होती, ती डाव्या मनगटावर. तिचं तोंड बुजलंय का, हे कसं बघायचं?

बघायचा एकच मार्ग होता आणि तो तिला लगेच सुचला. सुचताच तिला तो नकोसा झाला.

तिनं डोळे मिटले आणि जो विचार ती इतके दिवस उंबऱ्याबाहेर ठेवत आली होती त्याला आत घेतलं. चपला न काढता आत गेलेली सानिका. तिची पाठ. तिच्या छातीतली झडप. बसमध्ये, कॉलेजच्या जिन्यावर, परीक्षेच्या बाकावर, कुठंही एका दिवशी तिच्या पाठीत असंच टर्रकन काहीतरी फाटेल आणि जवळ कुणी नसेल. तिला कळणारही नाही काय झालं, कारण आईनं तिला कधी सांगितलंच नाही. आईनं विचारलंसुद्धा नाही.  छातीत असे ठोके पडू लागले की सीटचा पट्टा हलतोय असं तिला वाटलं. एवढी ती जन्मात कधी भ्यायली नव्हती.

तिनं डोळे उघडले. सदतीस. हिरवा.

पट्टीला काही म्हणजे काही कळलं नव्हतं.

आता तिला सगळं लख्ख दिसलं. जाळी महाधमनीच्या फक्त सुरुवातीच्या भागावर होती. भिंत उसवली होती ती त्याच्या पुढे, जिथून डाव्या हाताची रक्तवाहिनी निघते तिथं. तिथलं जाळीला ऐकूच येत नव्हतं. आणि उसवलेल्या थरानं डाव्या हाताचं रक्तच अडवलं होतं, म्हणून हात गार, म्हणून दाब कमी, म्हणून आकडा कमी. जखम जितकी पुढे सरकेल तितका तो हिरवा होत जाणार होता.

पण हे झालं तिचं अनुमान. खात्री करायची तर पट्टी उजव्या हातावर बांधून बघायला हवी, आणि त्यासाठी सील तोडायला हवं. सील तुटलं की परवाना गेला. अनुमान चुकलं, खरोखरच पित्त निघालं, तर एका वडापावपायी सगळं उडणं संपलं. अकोल्याच्या बापानं पोरीला वैमानिक करायचं म्हणून काय काय विकलं होतं ते तिला आठवलं. सील न तोडता विमान वळवावं तर खालचे डॉक्टरही हाच हिरवा आकडा बघणार, आणि गोळी देऊन बसवून ठेवणार. कोलकाता तासाभरावर होतं. हिरवा आकडा तिला म्हणत होता, बस की जरा, काही झालेलं नाही. तिला त्याचं ऐकावंसं वाटत होतं, मनापासून वाटत होतं.

"निशांत," ती म्हणाली, "यू हॅव कंट्रोल."

"आय हॅव कंट्रोल." मग त्यानं तिच्याकडे बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला.

तिनं त्याला थोडक्यात सांगितलं. त्यानं तिच्या मनगटाकडे पाहिलं, तोही शिकताना त्याच खुर्चीत फिरलेला होता.

"मॅडम, आकडा हिरवा आहे. सील तोडलंत तर परत काही करता येणार नाही."

"हिरवा आहे म्हणूनच घाबरलेय," शरयू म्हणाली. "मी इतकी घाबरलेय आणि याला पत्ताच नाही. हा बुजलाय, निशांत."

तिनं उजव्या हाताची दोन बोटं पट्टीखाली घातली आणि ओढली. पहिल्यांदा निघाली नाही. दुसऱ्यांदा कट असा आवाज झाला. बावीस वर्षं एवढ्याशा आवाजात गेली. डावी बोटं धड वळत नव्हती, म्हणून निशांतनंच एका हातानं पट्टी तिच्या उजव्या मनगटावर दाबून धरली. आकडा पुसला गेला. दोघंही बघत राहिले. मग उमटला एकोणनव्वद, मग चौऱ्याण्णव, लालभडक.

 निशांतनं आणीबाणी जाहीर केली आणि विमान नागपूरकडे वळवलं. तेवढ्यात कंपनीच्या वैद्यकीय कक्षाचा निरोप आला, कॅप्टनचं सील का तुटलं. निशांतनं त्यांना सांगितलं, ते मग बघू, आधी नागपूरला हृदयाचे सर्जन गाठा, आणि कळवा की दोन हातांच्या दाबात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

खाली उतरेपर्यंत शरयूला काहीच करायचं नव्हतं, आणि तेच तिला सगळ्यांत जड गेलं. जोर लावायचा नाही, हलायचं नाही, खोकायचंसुद्धा नाही. वैमानिक बाई, हात मांडीवर ठेवून बसली. प्रत्येक ठोका पाठीत लागत होता आणि प्रत्येक ठोक्याला वाटत होतं, हाच शेवटचा. मागं दीडशेच्या वर माणसं होती, कुणी झोपलेलं, कुणी पट्टे बांधा म्हटल्यावर कुरकुरणारं. वर्षभर दाबून ठेवलेली भीती आता एकदम वर आली होती आणि तिला अडवायला तिच्याकडे जोर उरला नव्हता. ती लहान पोरीसारखी भ्यायली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते तिनं पुसलं नाही.

आडवा वारा होता. विमान जरा उजवीकडे कललं, तिचे पाय सवयीनं पुढे सरकले, तिनं ते मागं घेतले. निशांतनं विमान टेकवलं, थोडं जोरातच, पण सरळ.

ऑपरेशनच्या खोलीबाहेर तिला स्ट्रेचरवर आणलं तेव्हा सर्जन हात धुवायला गेले होते. एका सिस्टरनं प्रसन्नला फोन लावून तिच्या कानाशी धरला. निशांतनं त्याला आधीच कळवलं होतं. प्रसन्न त्याच देवळातल्या आवाजात म्हणाला, काही काळजी करू नकोस, सगळं नीट होईल.

"प्रसन्न, सानिकाच्या झडपेला पाकळ्या किती आहेत?"

 पलीकडे काहीतरी झटापट झाल्यासारखं वाटलं, आणि सानिकाचा आवाज आला.

"दोन."

शरयूनं डोळे मिटले. तिला ते माहीत होतं, तरी अंगावर काटा आला.

"बाबा म्हणाले तुला सांगायचं नाही," सानिका म्हणाली. "तुझा आकडा चढेल. आई, मला केव्हापासून तुला विचारायचं होतं. दुखतं का गं खूप?"

"दुखतं," शरयू म्हणाली. "पण दुखलं की लगेच सांगायचं. दोन्ही हातांचा दाब मोजा म्हणायचं, दर वेळी. डॉक्टर हसले तरी म्हणायचं. माझ्यासारखं गप्प बसायचं नाही."

सर्जन परत आले. सिस्टरनं फोन काढून घ्यायला हात पुढे केला, शरयूनं उजव्या हातानं तिला जरा थांबवलं.

"आई, तू घाबरलीयेस का?"

वर्षभरात हा प्रश्न तिला घरातल्या कुणी विचारला नव्हता.

"खूप," ती म्हणाली. "तुझं काय?"

सानिका फोनवरच हमसाहमशी रडायला लागली, पूर्वी दारं आपटताना रडायची तशी, मोठ्यानं. प्रसन्न तिला गप्प हो म्हणतोय हे शरयूला ऐकू आलं.

"रडू दे तिला," शरयू म्हणाली. "भी बाळा, खुशाल भी. मीही भितेय. आपण दोघी भिऊ."

मग सिस्टरनं फोन घेतला, पण बंद केला नाही, आणि दार लागेपर्यंत सानिकाचं रडणं तिच्या कानावर येत राहिलं.